हिरव्या रंगाखालची वाळू

इजिप्तला जाऊन पिरॅमिड न बघता परत आलेला माणूस तुम्ही पाहिलाय? नसेल, तर नमस्कार! म्हणजे अगदीच दिसले नाहीत असं नाही. गाडीच्या काचेतून, धुरकट हवेत, फ्लायओव्हरवरून दिसले. पण तिकीट काढून, उंटावर बसून, फोटोत पिरॅमिडचं टोक चिमटीत पकडून वगैरे काही नाही. ऑफिसच्या कामानं दोन आठवडे कैरोत होतो. मध्ये एकच वीकएंड हाताशी होता (तिकडे तो शुक्रवार-शनिवार असतो, रविवारी सकाळी मुकाट्यानं लॅपटॉप उघडायचा), आणि तो मी घालवला कैरोपासून तीन-साडेतीन तासांवर, समुद्रकाठच्या अल-अलामेन नावाच्या गावात.

कशासाठी? एका तोफेचा रंग बघायला.

टीममधल्या लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं तुम्ही आत्ता या पानाकडे बघत असाल. तर आधी खुलासा. आमच्यासारखी काही मंडळी असतात, जी ऑफिसातून आल्यावर जिमला जात नाहीत, वेबसिरीजही बघत नाहीत. टेबललॅम्प लावतात, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवतात आणि चिमट्यानं प्लास्टिकचे तुकडे चिकटवत बसतात. याला स्केल मॉडेलिंग म्हणतात. रणगाडे, तोफा, ट्रक यांच्यासाठी सगळ्यात लाडकं माप म्हणजे एकास पस्तीस. खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. जपानच्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीनं हे माप जगभर रुजवलं आणि त्यांच्याच जुन्या सेटांपैकी एक माझ्या कपाटात बरेच दिवस पडून होता. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश २५ पौंडी तोफ.

२५ पौंडी म्हणजे तिचा गोळा २५ पौंडांचा, साधारण साडेअकरा किलोचा. नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर. पल्ला बारा किलोमीटरच्या वर. तोफेखाली एक गोल चाकासारखी लोखंडी चकती असते. ती जमिनीवर टाकायची, तोफेची चाकं तिच्यावर चढवायची, की एकटा माणूस मागची दांडी धरून अख्खी तोफ हव्या त्या दिशेला गर्रकन फिरवू शकतो. वाळवंटात रणगाडे कुठल्याही बाजूनं येत, तेव्हा या एका चकतीनं किती जीव वाचवले असतील कोण जाणे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया मिळून अशा बारा हजारांहून जास्त तोफा बनल्या. खरी तोफ सुमारे ४.६ मीटर लांब आणि १,६०० किलोहून जड. माझी भरते तेरा सेंटिमीटर. आणि हो, लांबी पस्तिसावा भाग म्हणून वजनही पस्तिसावं भाग होत नाही. ते घनाच्या हिशेबानं उतरतं. खऱ्या लोखंडाची केली असती तरी ती अवघी ३८ ग्रॅमची झाली असती. 

दोन निशाणं

तर शुक्रवारी सकाळी निघालो. ड्रायव्हरला 'हिंदी' एवढं कळल्यावर त्यानं आरशातून बघत एकच शब्द उच्चारला, ''अमिताभ बच्चन!'' इजिप्तमध्ये हा आपला पासपोर्ट आहे, खरं सांगतो. पुढचा तासभर तो मला बच्चनच्या सिनेमांच्या मारामाऱ्या हातवारे करून सांगत होता आणि गाडी ताशी सव्वाशेनं पळत होती.

'अलम' म्हणजे अरबीत निशाण, झेंडा. मोहरमच्या मिरवणुकीतला अलम आपल्याकडेही ओळखीचा आहे. अल-अलामेन म्हणजे दोन निशाणं. १९४२ मध्ये इथे एक लहानसं रेल्वे स्टेशन होतं आणि बाकी काही नव्हतं. मग जगातल्या दोन मोठ्या सैन्यांनी याच जागेवर पाय का रोवले? नकाशा बघितला की कळतं. उत्तरेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला साठेक किलोमीटरवर कत्तारा नावाचा प्रचंड खोलगट, दलदलीचा भाग, ज्यातून रणगाडे जाऊ शकत नाहीत. लिबियाच्या बाजूनं इजिप्तवर चालून येणाऱ्याला वाळवंटात कुठूनही वळसा घालता येतो, फक्त इथे येत नाही. बाटलीचं तोंड! रोमेलला अलेक्झांड्रिया आणि सुएझ हवं होतं, ते इथून शंभर-एक किलोमीटरवर सुरू होत होतं.

आज त्याच किनाऱ्यावर न्यू अलामेनचे काचेचे टॉवर उभे राहिलेत. उन्हाळ्यात कैरोतली आपल्या वयाची पब्लिक पार्टी करायला याच पट्ट्यात येते, त्याला ते नुसतं 'साहेल' म्हणतात, म्हणजे किनारा. समुद्राचा रंग असा की फोटोला फिल्टर लावायची गरज नाही. हायवेच्या एका बाजूला डीजे आणि दुसऱ्या बाजूला कबरी. एकदम विचित्र वाटतं, पण तिथल्या लोकांना वाटत नसावं. आपल्यालाही शनिवारवाड्यासमोर भेळ खाताना कुठे काय वाटतं?

पण मला बघायची होती ती जमीन. आणि पहिला धक्का तिथेच बसला. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? सोनेरी टेकड्या, वाऱ्यानं उठलेल्या लाटा, राजस्थान टुरिझमचं कॅलेंडर. अलामेनला यातलं काहीच नाही. फिकट, राखाडी झाक असलेली, चुनखडीच्या खड्यांची कडक जमीन. मधूनमधून गुडघ्याएवढी काटेरी झुडपं. टेकड्या म्हणाल तर जिच्यासाठी हजारो माणसं मेली ती रुवैसात रिज आजूबाजूपेक्षा इतकी थोडी उंच आहे, की आपल्याकडे तिला कुणी नावही दिलं नसतं. दुपारी बारा वाजता या जमिनीला रंगच उरत नाही. सगळं पांढुरकं. डब्यावरच्या चित्रातली तोफ पिवळीधमक असते, ती इथे उभी केली तर पिवळ्या टॅक्सीसारखी दिसेल. मी खिशातून रंगाचे नमुने काढले, कार्डाच्या पट्टीवर रंगवून नेले होते, आणि जमिनीशी धरून बघत बसलो. टामियाचा डेझर्ट यलो, त्यात थोडा पांढरा, जास्त पांढरा, मग बफ मिसळून. चौथी पट्टी जवळपास नाहीशी झाली. तीच!

एक सूचना मात्र गंभीरपणे. इथे रस्ता सोडून वाळवंटात शिरायचं नाही. महायुद्धात पेरलेले सुरुंग या भागात अजूनही जमिनीत आहेत. आमच्या बच्चनभक्तानं मला डांबरी रस्त्यापासून दहा पावलांच्या पुढे जाऊ दिलं नाही, आणि बरोबर केलं.

नवा कोरा मृत्यू

अलामेनचं मिलिटरी म्युझियम छोटं आहे, पण बाहेरच्या अंगणात खजिना आहे. रणगाडे, जर्मन ८८ मिलिमीटरची कुप्रसिद्ध तोफ, आणि माझी २५ पौंडी. तिला पहिल्यांदा हात लावला तेव्हा (हो, हात लावता येतो!) लोखंड एवढं तापलं होतं की झटकन मागे घ्यावा लागला. पण रंगाच्या बाबतीत म्हणाल तर या सगळ्यांवर इतक्या वेळा जाड थर चढवलेत की नटबोल्टांच्या कडा गोल झाल्यात. आपल्याकडे दिवाळीआधी सोसायटीच्या गेटला ऑइलपेंट मारतात ना, डिट्टो तसं. खरी तोफ खऱ्या वाळवंटात उभी, आणि तिच्यावर वाळवंटाची एकही खूण नाही.

याच म्युझियममध्ये एक विमान आहे, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. २८ जून १९४२ ला डेनिस कॉपिंग नावाचा २४ वर्षांचा ब्रिटिश वैमानिक एक किटीहॉक विमान घेऊन निघाला आणि वाळवंटात भरकटला. विमान त्यानं पोटावर उतरवलं. पुढे तो कुणालाच दिसला नाही. सत्तर वर्षांनी, २०१२ मध्ये, तेलाच्या कंपनीत काम करणाऱ्या एका पोलिश माणसाला ते विमान सापडलं. जवळपास जसंच्या तसं! शेजारी पॅराशूटचे अवशेष होते, बहुधा सावलीसाठी लावलेले. त्या वेळचे फोटो बघा कधीतरी. सत्तर वर्षांच्या वाळूनं पत्रा घासून उघडा केलाय, काही अक्षरं मात्र अजून वाचता येतात, रेडिओ काढून बाहेर ठेवलेला. आम्हा मॉडेलवाल्यांसाठी ते फोटो म्हणजे पाठ्यपुस्तक आहे. वारा कुठून वाहिला, ऊन कुठे पडलं, त्या पोरानं विमानाच्या कुठल्या बाजूला दिवस काढले, सगळं त्या पत्र्यावर लिहिलं होतं.

मग ते विमान इथे आणलं, ठाकठीक केलं, आणि रंगवलं. झगझगीत नवं. जगभरच्या जाणकारांनी कपाळावर हात मारला. माझ्याही तोंडून ''अरेरे'' निघालंच. त्या रंगाखाली काय काय गेलं! तिथे एक इजिप्शियन बाप आपल्या मुलाला कडेवर घेऊन ते विमान दाखवत होता, मुलगा खूश होता, आणि त्याला झिजलेला पत्रा दाखवला असता तर तो इतका खूश झाला असता का, हा प्रश्न मला पडला. तरीही, माझं मत विचाराल तर, त्याला हात लावायला नको होता.

सहाशे नावं

तिथून जवळच कॉमनवेल्थ स्मशानभूमी आहे. ७,२४० कबरी. त्यातल्या ८१५ जणांची ओळख पटलेली नाही. हिरवळ नाही, नुसती फिकट माती, पांढऱ्या दगडांच्या रांगा आणि मधून वाळवंटात तग धरणारी फुलझाडं. आग्नेय कोपऱ्यात एक वेगळं स्मारक आहे, तिथे बहुतेक पर्यटक पोचतही नाहीत. इजिप्त आणि लिबियात लढताना गेलेल्या आणि धर्माप्रमाणे दहन झालेल्या सहाशेहून अधिक सैनिकांचं. त्यांना कबर नाही, म्हणून नावं. मी उन्हात उभा राहून रांगेनं वाचत गेलो. शिपाई, नाईक, हवालदार. पुढे नाव, पुढे पलटण. काही वेळानं वाचणं थांबवलं, कारण ऊन नव्हे, दुसरंच काहीतरी व्हायला लागलं.

अलामेन म्हटलं की सगळे २३ ऑक्टोबर १९४२ ची रात्र सांगतात. पौर्णिमेच्या आसपासचं चांदणं, नऊ वाजून चाळीस मिनिटांनी जवळजवळ नऊशे तोफांनी एकदम तोंड उघडलं, माँटगोमेरी जिंकला. ठीक आहे. पण मला त्याआधीचा एक दिवस महत्त्वाचा वाटतो. १ जुलै १९४२. रोमेल धावत येतोय, ब्रिटिश फौज मागे हटतेय, कैरोत कचेऱ्यांचे कागद जाळणं सुरू झालंय. आणि रुवैसातच्या पश्चिमेला दैर-अल-शैन नावाच्या खोलगट जागेत घाईघाईनं इराकमधून आणलेली १८वी भारतीय ब्रिगेड उभी केलीय. शीख, गुरखे आणि इंग्लंडच्या एसेक्सची एक पलटण. सोबत २३ पंचवीस पौंडी तोफा, १६ रणगाडाविरोधी तोफा, नऊ रणगाडे. समोर आफ्रिका कोअर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ही ब्रिगेड लढली आणि संध्याकाळी संपली. पण जर्मनांचे ५५ पैकी १८ रणगाडे गेले आणि पूर्ण दिवस गेला. त्या एका दिवसात मागची फळी उभी राहिली. अलामेनची बाटली बंद झाली ती तिथे.

मी हे मॉडेल त्या २३ पैकी एका तोफेचं करायचं ठरवलं होतं. पण मग सेटमधली माणसं रंगवताना प्रश्न येतो. तोफेमागे उभे कोण होते? उत्तर आहे: गोरे. भारतीय डिव्हिजनमधलं पायदळ आपलं, पण मोठ्या तोफा चालवणाऱ्या रेजिमेंट बहुतेक ब्रिटिशच. कारण १८५७. त्या उठावानंतर इंग्रजांनी ठरवून टाकलं की 'नेटिवां'च्या हातात मोठी तोफ द्यायची नाही. डोंगरात खेचरांवर वाहून न्यायच्या छोट्या तोफा तेवढ्या चालतील. भारतीय जवानांची पहिली फील्ड आर्टिलरी ब्रिगेड उभी राहायला १९३५ साल उजाडलं, तीही बंगळुरात, एक. गंमत बघा, आपल्या तोफखान्याचा स्थापना दिवस आहे २८ सप्टेंबर, कारण १८२७ साली त्या दिवशी उभी राहिलेली बॉम्बे फूट आर्टिलरीच्या गोलंदाज बटालियनची एक कंपनी अजून चालू आहे. 'गोलंदाज' हा शब्द मुळात तोफेवरच्या माणसाचा. बुमराहकडे तो फार नंतर आला.

हेअरस्प्रे आणि टूथपिक

पुण्याला परत आलो आणि टेबलावर बसलो. जोडणीबद्दल फार सांगत नाही, ती सरळ असते. भाग कापा, कड घासा, चिकटवा, थांबा. थांबणं हा यातला सगळ्यात अवघड टप्पा आहे, विशेषतः दिवसभर 'अर्जंट' मेल वाचणाऱ्यांसाठी. नळीच्या तोंडाशी असलेला मझल ब्रेक मी कापून टाकला, कारण १९४२ च्या वाळवंटातल्या ज्या तोफांचे फोटो मी पाहिलेत त्यांना तो नाही. काडतुसांच्या पितळी टोप्यांमध्ये दारूच्या तीन पिशव्या असत, लाल, पांढरी आणि निळी. जेवढा लांब पल्ला, तेवढ्या जास्त पिशव्या. त्या पिशव्या रंगवायला मला एक संध्याकाळ लागली आणि त्या आता कुणालाही दिसत नाहीत. चालायचंच.

खरी मजा वेदरिंगमध्ये. म्हणजे नव्या कोऱ्या प्लास्टिकला म्हातारं करणं. ऊन, धूळ, तेल, ओरखडे, गंज. यासाठी परदेशात महागड्या बाटल्या मिळतात, पण कॅमलिनचा बर्न्ट अंबर ऑइल कलर आणि हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन यांनी माझं कधी अडलं नाही. पातळ तपकिरी पाणी करायचं, बोल्टांच्या कडेनं ब्रशचं टोक टेकवायचं, रंग आपोआप फटींत पळतो आणि एकदम खोली दिसायला लागते. भांडी घासायच्या स्पंजचा कोपरा फाडून, गडद रंगात बुडवून, टिश्यूवर टिपून शिल्डच्या कडांना हलकेच थापटला की रंग उडाल्याचे टवके दिसतात. कोरड्या धुळीसाठी खडूचे पेस्टल पट्टीवर घासून पावडर करायची.

तुम्ही विचाराल, अलामेनची खरी वाळू का नाही आणली? हिशेब करा. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण पस्तीस पटीनं मोठा केला की साडेसतरा मिलिमीटरचा होतो. म्हणजे खरी वाळू टाकली तर तोफ खडीच्या ढिगात उभी दिसणार! रंगाचंही तसंच. मॉडेल आपण फूटभर अंतरावरून बघतो, म्हणजे खऱ्या तोफेपासून दहा मीटरवर उभं राहिल्यासारखं. दहा मीटरवर मधली हवा रंग फिका करते. म्हणून मॉडेलचा रंग खऱ्याहून थोडा उजळ ठेवावा लागतो. बाटलीतला 'अगदी खरा' रंग टेबलावर खोटा दिसतो.

वाळूचा रंग चढवून झाला होता आणि गंजाची बाटली उघडणार, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका आले. कंप्रेसरचा आवाज कसला येतो म्हणून विचारायला. काका तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत, हे मला माहीत होतं. नाशिक रोड कॅम्पला भरती, सगळी नोकरी तोफेवर. पण कुठल्या तोफेवर, हे कधी विचारलं नव्हतं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, चष्मा वर केला, खाली केला.

''ही पंचवीस पौंडी की रे!''

''तुम्ही ओळखलीत काका?''

''ओळखली म्हणजे? सुरुवातीची सगळी वर्षं हिच्यावर गेली. इथं,'' त्यांनी शिल्डच्या मागे डावीकडे करंगळीचं नख नेलं, ''इथं बसायचो. तीन नंबर. निशाण लावणारा.''

या तोफा इंग्रज इथेच ठेवून गेले आणि १९६५ आणि १९७१ च्या लढायांतही त्या आपल्या फौजेत होत्या. हे मी वाचलं होतं. पण ज्या सीटवर माझं ब्रशचं टोक जेमतेम पोचतं, त्यावर बसलेला माणूस माझ्या घरात चहा पीत होता! मग त्यांनी सहाच्या सहा नंबर सांगितले. एक नंबर हुकूम देणार, दोन ब्रीच उघडणार आणि गोळा ठासणार, तीन निशाण, चार गोळा भरणार, पाच आणि सहा दारूगोळ्यावर. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचे हात चालत होते.

मी त्यांना गंजाची बाटली दाखवली. कुठे कुठे लावणार ते सांगितलं. काकांचा चेहरा पडला.

''तोफेला गंज? उस्तादांनी रगडा लावला असता रगडा! अरे, चाकाला चिखल दाखव, शिल्डवर धूळ दाखव, ते चालतं. लढाईत कोण फडकं मारतो? पण ब्रीच... ब्रीच आरशासारखं पाहिजे. फायर बंद झालं की आधी नळी साफ, मग जेवण. पायदळाला झेंडा असतो ना, तसा आम्हाला नसतो. तोफ हाच आमचा झेंडा.''

आता इथे माझी पंचाईत होती. जगभरची मॉडेलं बघा, जितका गंज जास्त, तितकी वाहवा जास्त. आणि त्याला कारणही आहे, झिजलेल्या वस्तूत गोष्ट दिसते. किटीहॉकच्या वेळी मी हेच तर म्हणत होतो. पण ते विमान कुणी सांभाळलं नव्हतं म्हणून तसं झालं होतं. ही तोफ सांभाळलेली होती. रोज, सहा माणसांनी. मग हिच्यावरची झीज कुठे दिसायला हवी? जिथे हात लागतात तिथे. मागच्या दांडीच्या कड्यावर, दिशा देणाऱ्या चाकाच्या मुठीवर, तीन नंबरच्या सीटच्या कडेवर. तिथे रंग उडून लोखंड चकचकीत होतं, गंजत नाही. गंजाची बाटली मी बंद केली.

आणि मग काका जाता जाता म्हणाले, ''पण आमची हिरवी होती हां. ही कुठली, पिवळी?''

दोन दिवस ती वाळूच्या रंगातली तोफ तशीच टेबलावर होती. तिसऱ्या रात्री बायकोच्या ड्रेसिंग टेबलवरून हेअरस्प्रे उचलला. (परवानगी नंतर काढली.) ही युक्ती मॉडेलवाल्यांत जुनी आहे. खालच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, तो वाळला की वर दुसरा अॅक्रिलिक रंग. मग ओल्या ब्रशनं हवं तिथे घासायचं. पाण्यानं हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग टवक्याटवक्यानं निघून खालचा दिसायला लागतो. मी वाळूच्या रंगावर ऑलिव्ह ग्रीन चढवला. फौजेत जुनी तोफ नव्यानं रंगवताना करतात तसा, थोडा जाड हातानं. आणि मग शिल्डची वरची कड, दांडीचं कडं, तीन नंबरची सीट एवढीच घासली. हिरव्याच्या खालून अलामेनची ती चौथी पट्टी वर आली. अशी एखादी तोफ खरोखर वाळवंटातून आपल्याकडे आली होती का? अशक्य नाही. माझ्या टेबलावर तरी ती आली.

सेटमधली गोरी माणसं डब्यातच राहिली. ब्रीचवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटानं घासली, ते खऱ्या पोलादासारखं चमकतं.

काम संपलं तेव्हा दसरा चार दिवसांवर होता. फौजेत दसऱ्याला तोफेची पूजा होते, हे काकांनी सांगितलंच होतं, आणि काकूंनी ते मनावर घेतलं. झेंडूचं फूल पाच सेंटिमीटरचं धरलं, तर माझ्या मापात दीड मिलिमीटर. काकूंनी भरतकामाचा केशरी दोरा घेतला आणि त्याला एकापुढे एक गाठी मारत गेल्या, भिंगाशिवाय! चाळीस गाठींची माळ. मी चिमट्यानं ती नळीवर टाकली. कुंकवासाठी टूथपिकचं टोक तासलं.

''कुठे लावायचं काका?''

''दे इकडं,'' काका म्हणाले. टूथपिक घेण्याआधी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि दोन्ही हातांची बोटं एकेक करून पुसली.